प्रशिक्षण मोफत आहे. पण नोकरी टिकवायला संस्था सोबत राहील का?

वाचकाचे पत्र

माझी मुलगी २१ वर्षांची आहे. कला शाखेतून बारावी झाली, बीए दुसऱ्या वर्षाला सोडले. आमचे गाव औसा तालुक्यात आहे, शेती कोरडवाहू आहे. मराठवाड्यातल्या तीन-चार जिल्ह्यांत काम करणाऱ्या एका सेवाभावी संस्थेचे कार्यकर्ते मागच्या आठवड्यात गावात आले होते. रुग्णसेवा सहायकाचे तीन महिन्यांचे निवासी प्रशिक्षण मोफत देतात आणि पुढे पुण्यातल्या रुग्णालयात १३ हजार रुपयांची नोकरी लावून देतात, असे त्यांनी सांगितले. नोंदणीचे २,००० रुपये आणि मुलीची मूळ टीसी व गुणपत्रिका या आठवड्यात जमा करायची आहे. मुलीचे वडील नको म्हणतात. दीर म्हणतात, पोलीस भरती निघेल, तोवर थांबावे. संस्था चांगली आहे की नाही, हे आमच्यासारख्यांनी कसे ओळखावे? त्या प्रमाणपत्राला काही किंमत असते का? मुलीला पाठवू का?

— एक आई, जि. लातूर

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीला मुदत आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देते. मूळ टीसी आणि मूळ गुणपत्रिका कोणत्याही प्रशिक्षण संस्थेकडे ठेवायला देऊ नका. पडताळणीसाठी मूळ कागद पाहायला मागणे रास्त आहे. ते त्यांनी तुमच्यासमोर पाहावेत, स्वसाक्षांकित छायाप्रती ठेवून घ्याव्यात आणि मूळ कागद त्याच बैठकीत परत करावेत. मुलींनी प्रशिक्षण मध्येच सोडू नये म्हणून कागद ठेवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी पडलेली आहे. ती पाडणाऱ्यांचा हेतू वाईटच असतो असे मी म्हणणार नाही. पण घरापासून लांब गेलेल्या मुलीला परत फिरण्याची वाट मोकळी असावी लागते, आणि तिचे कागद दुसऱ्याच्या कपाटात असले की ती वाट मोकळी राहत नाही.

२,००० रुपयांचे उत्तर मात्र इतके सरळ नाही, कारण ते संस्थेकडे पैसा कुठून येतो यावर अवलंबून आहे. हा प्रश्न विचारायला आपल्याकडे लोकांना संकोच वाटतो. मोफत देणाऱ्याला पैशाचे काय विचारायचे, असे वाटते. पण संस्थेचे वागणे समजून घ्यायचे असेल तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

तीन महिन्यांचे निवासी प्रशिक्षण ग्रामीण मुलीला मोफत मिळते आहे, म्हणजे कदाचित ते दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेतून चालत असेल. ही केंद्राची योजना २०१४ पासून आहे आणि ती राबवणाऱ्यांत खासगी कंपन्यांबरोबर सेवाभावी संस्थाही असतात. तिच्यात प्रशिक्षण, राहणे, जेवण, गणवेश यांचा कोणताही खर्च उमेदवाराने करायचा नसतो. त्यामुळे केंद्र या योजनेतले असेल, तर २,००० रुपये मागणे नियमात बसत नाही आणि तुम्ही ते देऊ नयेत. प्रशिक्षण एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून किंवा लोकांच्या देणग्यांतून होत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. नाव नोंदवणारी मुलगी मनापासून येते आहे हे कळावे म्हणून अनेक प्रामाणिक संस्था थोडे शुल्क घेतात. त्यात गैर काही नाही; फक्त संस्थेच्या नावाची छापील पावती हवी आणि पहिल्या आठवड्यात मुलीला तिथले जमले नाही तर किती रक्कम परत मिळेल हे त्याच पावतीवर लिहून हवे.

पैशाच्या उगमाचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. सरकारी योजनेत संस्थेला हप्त्याहप्त्याने पैसे मिळतात, आणि शेवटचे हप्ते किती जणांना नोकरी लागली आणि ती टिकली का, यावर ठरतात. ग्रामीण कौशल्य योजनेच्या मूळ नियमांत प्रशिक्षितांपैकी किमान ७० टक्के उमेदवारांना काम मिळवून देण्याची अट होती आणि सलग तीन महिने पगार मिळाला तरच ती नोकरी धरली जात असे. या रचनेमुळे संस्थेला नोकरी लावून द्यावीच लागते, हे चांगले झाले. पण संस्थेचे काम डोक्यांवर मोजले जात असल्याने ठरलेल्या तारखेला बॅच भरण्याची घाईही त्यातूनच येते. गावोगाव फिरणाऱ्या मोबिलायझरला महिन्याला अमुक इतकी नावे आणायची असतात, म्हणून 'या आठवड्यातच' हा शब्द तुमच्या कानावर आला. ही बॅच चुकली तर पुढची असते. चांगली संस्था तुम्हाला विचार करायला वेळ देईल. कंपनीच्या निधीवर चालणाऱ्या केंद्राची अडचण निराळी असते. बरेचसे प्रकल्प वर्षाच्या मुदतीचे असतात. मार्चअखेर प्रकल्प संपला की नोकरीला लागलेल्या मुलींना फोन करणारी कार्यकर्ती दुसऱ्या प्रकल्पावर जाते, आणि एप्रिलमध्ये अडचणीत आलेल्या मुलीने कोणाला फोन करायचा हे कोणी सांगत नाही.

आता संस्था ओळखायची कशी, याकडे येते. नोंदणी पाहावीच: धर्मादाय आयुक्त कार्यालयातील न्यासाची नोंदणी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील (नफ्यासाठी नसलेल्या कंपनीची) नोंदणी, आणि सेवाभावी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक. गावातल्या सेवा केंद्रातला मुलगा हा क्रमांक तुम्हाला शोधून देईल. पण नोंदणीवरून संस्था अस्तित्वात आहे एवढेच कळते. ती मुलींना काय शिकवते आणि नंतर त्यांचे काय होते, हे त्या कागदावर नसते.

म्हणून मुलीला सोबत घेऊन केंद्रावर जा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका, एखाद्या साध्या कामाच्या दिवशी जा. रुग्णसेवेच्या वर्गात रुग्णालयातल्यासारखी एक खाट आणि माणसाच्या आकाराचा एक पुतळा असायला हवा. तो पुतळा प्लास्टिकच्या वेष्टणातून बाहेर काढलेला आहे का, त्याचे सांधे हाताळून सैल झालेले आहेत का, चादर रोजच्या वापराने मऊ पडली आहे का, हे बघा. एखाद्या प्रशिक्षणार्थी मुलीला विचारा, की अंथरुणावरून उठू न शकणाऱ्या रुग्णाला कुशीवर कसे वळवतात. शिकलेली मुलगी बोलायच्या आधी उभी राहील. रुग्णाचा पलीकडचा हात छातीवर घेईल, गुडघा दुमडेल, एक तळवा खांद्यामागे आणि एक कमरेमागे ठेवून त्याला आपल्याकडे वळवेल, आणि पाठीला व्रण पडू नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते हेही सांगेल. मग तिला कचऱ्याच्या पिशव्यांचे विचारा. रक्ताने भरलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात, हे तिला न अडखळता सांगता आले पाहिजे, कारण त्यात चूक झाली तर सुई सफाई करणाऱ्या बाईच्या हातात शिरते. मुलींना वहीत उतरवलेले पाठ येत असेल पण हात चालत नसेल, तर तिथे शेवटच्या परीक्षेपुरते शिकवले जाते असे समजा.

या बाबतीत मला पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचे नाव घ्यावेसे वाटते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. तिथली मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन शिकतात ती हाताने प्रत्यक्ष काम करत, आणि शिकता शिकता गावकऱ्यांची खरी कामे करून देतात. काम नीट झाले नाही तर परीक्षकाच्या आधी गावकरीच ते सांगतो. रुग्णसेवेत याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष रुग्णालयात काढलेले दिवस, ज्याला केंद्रावर ओजेटी म्हणतात. तीन महिन्यांपैकी हे दिवस किती, कोणत्या रुग्णालयात आणि तिथे मुलींवर कोण लक्ष ठेवते, हे विचारा. 'शेवटी आठवडाभर नेतो' असे उत्तर आले तर ते पुरेसे नाही.

यानंतरचा प्रश्न मात्र मी सर्वांत महत्त्वाचा मानते, आणि बाकी सगळे विसरलात तरी हा विसरू नका. संस्थेच्या प्रमुखांना सांगा, की वर्षभरापूर्वी बाहेर पडलेल्या बॅचमधल्या चार-पाच मुलींशी आम्हाला बोलायचे आहे. त्यांच्या पालकांची परवानगी घेऊन संस्थेने ते बोलणे घडवून आणावे. भिंतीवर नियुक्तिपत्र घेतानाची छायाचित्रे लावलेली असतात. ती पहिल्या दिवसाची असतात. त्या मुली सहा महिन्यांनी त्याच कामावर होत्या का, सोडले तर का सोडले, सोडल्यावर संस्थेने दुसरीकडे लावून दिले का, हे संस्थेला सांगता आले पाहिजे. सगळ्या मुली टिकल्या असे कोणी सांगितले तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. 'तेवीस जणी लागल्या, आठ परत आल्या, त्यांतल्या पाच जणींना लातुरातच लावले' अशा धर्तीचे उत्तर जी संस्था वहीत बघून देऊ शकते, ती आपल्या मुलींचा माग ठेवते.

मुली परत का येतात, याची कारणे फार मोठी नसतात. काम जड जाते म्हणून परत येणाऱ्या मी कमी पाहिल्या. पहिली रात्रपाळी, खानावळीचे न मानवणारे जेवण, खोलीतल्या दुसऱ्या मुलीशी न पटणे, घरी कोणाचे तरी आजारपण, आणि पैसे संपणे, ही नेहमीची कारणे. शेवटचे कारण टाळता येण्याजोगे आहे, तरी तेच सर्वांत जास्त मुलींना परत आणते. मुलगी महिन्याच्या ५ तारखेला कामावर रुजू झाली तर त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला येतो. ती २० तारखेनंतर रुजू झाली आणि हजेरीपत्रक रुग्णालयाला माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे आधीच गेलेले असेल, तर पगार आणखी एक महिना पुढे जातो. तोवर कॉट बेसिसवरच्या (खोलीतल्या एका खाटेपुरत्या) जागेचे भाडे, अनामत, मेस आणि बसभाडे द्यायचे असते. ग्रामीण कौशल्य योजनेत नोकरी लागल्यानंतर दोन ते सहा महिने दरमहा १,००० रुपये देण्याची तरतूद केली गेली ती याच दिवसांसाठी. तुमच्या संस्थेकडे यासाठी काय सोय आहे, हे विचारा; आणि सोय असली तरी दोन महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय मुलीला पुण्याला पाठवू नका.

१३ हजारांचा हिशेबही मांडून घ्या. हा आकडा हातात येणारा आहे की कागदावरचा, हे संस्थेने सांगितले पाहिजे. सगळ्या रकमेवर भविष्य निर्वाह निधी कापला तर १२ टक्क्यांनी १,५६० रुपये जातात, राज्य कामगार विम्याचे पाऊण टक्क्याने सुमारे ९८ रुपये, म्हणजे हातात ११,३४० च्या आसपास येतात. या कपातीला घाबरू नका, उलट ती होत असेल तर बरे समजा. निधीत मालकालाही स्वतःचा वाटा भरावा लागतो, तो पैसा मुलीच्या नावावर साठतो, आणि विम्यामुळे तिला, व तुम्ही तिच्यावर अवलंबून असाल तर नियमांत बसल्यास तुम्हालाही, उपचार मिळू शकतात. चिंता करायची ती पूर्ण १३ हजार रोख हातात देतो म्हणणाऱ्याची. नियुक्तिपत्र रुग्णालय देणार की ठेकेदार, पाळी आठ तासांची की बारा तासांची, साप्ताहिक सुट्टी आहे का, रात्रपाळी सुटल्यावर मुलींना राहण्याच्या जागी कसे पोहोचवतात आणि रुग्णालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कायद्याने आवश्यक असलेली अंतर्गत समिती आहे का, ही उत्तरे रुजू होण्याआधी लेखी मिळवा. तिच्या वडिलांचा विरोध मला हट्ट वाटत नाही. मुलगी रात्री कुठे असेल आणि कोणाच्या भरवशावर असेल, याचे उत्तर त्यांना अजून कोणी दिलेले नाही. केंद्र पाहायला जाल तेव्हा त्यांनाही बरोबर न्या आणि हे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

प्रमाणपत्राच्या किमतीबद्दल विचारले आहे. कौशल्यांचे स्तर ठरवणाऱ्या सरकारच्या राष्ट्रीय कौशल्य चौकटीत बसणारे आणि त्रयस्थ परीक्षकाने परीक्षा घेऊन दिलेले प्रमाणपत्र असेल, तर रुग्णालयाच्या दारातून आत जायला ते उपयोगी पडते. पण त्याने मुलगी नर्स होत नाही, हे तिला आजच स्पष्ट सांगा. परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते आणि त्यासाठी एएनएम किंवा जीएनएम हे परिचर्येचे अभ्यासक्रम किंवा बीएस्सी नर्सिंग करावे लागते. सहायकाने रुग्णाची स्वच्छता, हालचाल, खाणेपिणे, ताप आणि रक्तदाबाच्या नोंदी पाहायच्या असतात. इंजेक्शन देणे तिच्या कामात येत नाही, आणि मनुष्यबळ कमी आहे म्हणून कोणी ते द्यायला सांगितले तर नाही म्हणण्याचे बळ तिला प्रशिक्षणातच मिळाले पाहिजे. एखाद्या केंद्राच्या फलकावर या कोर्ससाठी 'नर्सिंग' असा शब्द दिसला तर त्या केंद्रापासून लांब राहा.

पुण्याचा आग्रह कोणाचा आहे, हेही मला पत्रावरून कळले नाही. लातूर शहर रुग्णालयांनी भरलेले आहे. औशाहून रोज जाऊन-येऊन करता येईल अशा अंतरावर पहिले सहा महिने काम मिळाले, तर पगार थोडा कमी असला तरी भाडे आणि मेस वाचते, रात्रपाळीची सवय घराच्या आधाराने होते आणि अनुभवाचे पत्र मिळाल्यावर पुण्यात जाताना मुलगी स्वतःच्या अटी सांगू शकते. संस्थेला हा पर्याय स्पष्ट विचारा. पुण्यातल्या एकाच मोठ्या ठेकेदाराशी करार केलेली संस्था त्याला तयार होणार नाही, आणि तेही तुम्हाला कळलेले बरे.

मुलीला नोकरीपेक्षा स्वतःचे काही करायचे असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची चौकशी करा. १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे येथे धर्मस्थळाचे वीरेंद्र हेगडे आणि दोन बँका यांनी मिळून सुरू केलेल्या प्रयोगावरून पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यात बँकांमार्फत अशा संस्था उभ्या राहिल्या. प्रशिक्षण, राहणे आणि जेवण तिथे मोफत असते. मला त्यांची सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की प्रशिक्षण संपल्यानंतर दोन वर्षे पाठपुरावा करणे हा त्यांच्या कामाचाच भाग मानलेला आहे.

पोलीस भरतीबद्दल थोडक्यात सांगते. मुलगी आज रोज पहाटे धावायला जात असेल, ८०० मीटरची वेळ मोजत असेल, गोळाफेकीचा सराव करत असेल, तर तिला ते करू द्या आणि एक भरती होईपर्यंतची मुदत ठरवून द्या. तयारी काहीच सुरू नसेल, तर भरतीची वाट पाहणे म्हणजे घरी बसणेच होते, आणि भावजींना हे तुम्ही शांतपणे सांगू शकता.

ताई, तुमच्या पत्रात वडिलांचे मत आहे, दिरांचे मत आहे, संस्थेचे म्हणणे आहे. मुलीला काय हवे आहे याची एक ओळ नाही. रुग्णसेवेत दुसऱ्याचे मलमूत्र काढावे लागते, वेदनेने चिडलेल्या माणसाचे बोलणे ऐकावे लागते, कधी डोळ्यांसमोर मृत्यू पाहावा लागतो. ज्यांना हे काम मनापासून भावते त्या मुली त्यात फार लवकर फुलतात, हे मी पाहिले आहे. आणि ज्यांना ते नको असते त्यांना कितीही चांगली संस्था टिकवू शकत नाही. तिला एकटीला घेऊन बसा आणि विचारा. शक्य असेल तर तालुक्याच्या रुग्णालयात दाखल असलेल्या एखाद्या नातेवाइकाजवळ तिला दोन रात्री सोबतीला राहू द्या. तिचे उत्तर तिला तिथेच सापडेल.

ती हो म्हणाली, संस्थेने जुन्या मुलींशी बोलणे घडवून दिले आणि लेखी उत्तरे दिली, तर पाठवा. जाण्याआधी तिच्या एकटीच्या नावाचे बँक खाते उघडा आणि पगार त्याच खात्यात यावा असा आग्रह धरा. इंग्रजी विषयासह बारावी झालेल्या कला शाखेच्या विद्यार्थिनीला, गुणांची अट पूर्ण होत असेल तर, जीएनएमला प्रवेश घेता येतो. दोन वर्षे सहायक म्हणून काम केल्यावर तिला तो रस्ता धरावासा वाटला, तर शुल्कासाठी तिच्या खात्यात काही रक्कम असेल आणि प्रवेशासाठी लागणारी मूळ गुणपत्रिका तुमच्या घरात असेल.